इनुबोसाकीच्या भूशिरावर

त्सुकुबातील आमच्या घरापासून साकुरा नदी चालत दहा मिनिटांवर आहे. ती त्सुकुबा डोंगराच्या पश्चिम पायथ्याने येते आणि त्सुचिउरा शहरापाशी कासुमिगाउरा सरोवराला मिळते. सरोवराचे पाणी पुढे हिताची-तोने या नावाने वाहते, मग तोने नदीत शिरते, आणि 322 किलोमीटर लांबीची ही तोने नदी चोशी शहराजवळ प्रशांत महासागराला मिळते. गेल्या एप्रिलमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात बाबांनी साकुरा नदीच्या पुलावर उभे राहून विचारले, “कुठं जातंय हे पाणी?” मी वरचा सगळा प्रवास सांगितला. ते म्हणाले, “मंग तिथंच जाऊ एकदा.”

बाबा जालना जिल्ह्यातले. एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. समुद्र त्यांनी पाहिलेला होता, पण तो दादरचा. आपल्या समाजातील लाखो माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतून. डोळे स्तूपाकडे, मन बाबासाहेबांपाशी, हातात मेणबत्ती आणि फुले, आणि मागे कुठेतरी लाटांचा आवाज. बाबा म्हणतात, “आपण तिथं समुद्र बघाया जात नसतो.” त्यामुळे केवळ समुद्र पाहण्यासाठी, तेही देवमासा दिसतो का हे पाहण्यासाठी, पहाटे उठून दोन तास मोटारीने जायचे ही कल्पना त्यांना चैनीची वाटली. नात मात्र हट्टाला पेटली होती. तिसरीत शिकणाऱ्या या मुलीने शाळेच्या वाचनालयातून देवमाशांवरचे पुस्तक आणले होते आणि आजोबांना त्यातील चित्रे रोज दाखवली होती.

चोशी हे कांतो प्रदेशाचे अगदी पूर्वेचे टोक. त्या टोकावर इनुबोसाकी नावाचे भूशिर समुद्रात घुसलेले आहे. दक्षिणेकडून कुरोशियो हा उबदार प्रवाह येतो, उत्तरेकडून ओयाशियो हा थंड प्रवाह येतो, आणि दोघांची गाठ या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात पडते. थंड पाणी अन्नद्रव्यांनी समृद्ध असते. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यामागे तारलीसारख्या लहान माशांचे थवे येतात, आणि थव्यांमागे डॉल्फिन, देवमासे आणि माणसे. जपानमध्ये सर्वाधिक मासळी उतरवणाऱ्या बंदरांत चोशीची गणना होते, त्याचे कारण हेच.

आम्ही मोटार चोशी स्थानकाजवळ ठेवली आणि पुढचा प्रवास मुद्दाम चोशी विद्युत रेल्वेने केला. ही खासगी रेल्वे अवघी 6.4 किलोमीटरची. 2006 मध्ये गाडीच्या दुरुस्तीला आणि तपासणीला पैसे उरले नव्हते, तेव्हा कर्मचाऱ्यांनी लोकांना आवाहन केले की आमची नुरे-सेंबेई विकत घ्या. नुरे-सेंबेई म्हणजे सोया सॉसमध्ये भिजवलेली तांदळाची मऊ बिस्किटे. देशभरातून मागण्या आल्या आणि रेल्वे वाचली. ही हकीकत ऐकून बाबांनी दोन पाकिटे घेतली आणि म्हणाले, “आपल्या एस.टी.नं बी चिक्की विकाया पाहिजे.” आगारात सुट्या भागांची वाट पाहत आयुष्य गेलेल्या माणसाचा तो विनोद होता, हसताना मलाच थोडे गलबलून आले.

इनुबो स्थानकापासून दीपगृह दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. रिचर्ड हेन्री ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे ते 1874 मध्ये उभे राहिले. उंची 31 मीटर, आणि बांधकाम जपानमध्येच भाजलेल्या विटांचे. परदेशी तज्ज्ञाला इथल्या विटांचा भरवसा वाटत नव्हता. त्याच विटांनी दीडशे वर्षे भूकंप आणि वादळे सोसली. बाबांनी आतल्या 99 पायऱ्या मोजत चढल्या आणि वर पोचल्यावर देवमाशाआधी दिव्याचे भिंग कसे बसवले आहे याची चौकशी केली.

देवमासा पाहण्याचे एक शास्त्र आहे. मी ते पुस्तकांतून शिकलो, नंतर थंडीत कुडकुडत शिकलो. क्षितिज किती दूर आहे हे आधी माहीत हवे. डोळा समुद्रसपाटीपासून जितके मीटर उंच असेल त्याचे वर्गमूळ काढून 3.57 ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला जेमतेम पाच किलोमीटर दिसतात. 50 मीटर उंचीच्या सज्जातून सुमारे 25. म्हणूनच समुद्र न्याहाळायला भूशिरावर जायचे असते. दुसरी गोष्ट, वारा पडलेला हवा. वारा असला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस फुटतो आणि प्रत्येक फेस देवमाशाचा फवारा वाटतो. तिसरी गोष्ट, दुर्बीण सारखी डोळ्यांना लावून बसू नये. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिज डावीकडून उजवीकडे संथपणे पाहावे, पक्षी कुठे गोळा झाले आहेत ते हेरावे, आणि मगच दुर्बीण उचलावी. स्पर्म व्हेल या मोठ्या देवमाशाची नाकपुडी डोक्याच्या डाव्या बाजूला असते, त्यामुळे त्याचा फवारा सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे कललेला उडतो. तो पाण्याखाली पाऊण तासदेखील राहू शकतो. म्हणजे एकदा बुडाला की पाहणाऱ्याने बसून राहायचे.

आम्ही बसून राहिलो. दीपगृहाखालच्या खडकांतून एक पायवाट समुद्राच्या अंगाने वळते. तिथल्या बाकावर आईने घरून आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दोन तास काही दिसले नाही. स्पर्म व्हेलचे वावरण्याचे पाणी किनाऱ्यापासून बरेच दूर, खोल आहे. तो पाहायला नावेतून जावे लागते, हे मी मुलीला पुन्हा एकदा सांगितले. तिने माझ्याकडे दुर्लक्ष केले.

मग बाबांनी बोट दाखवले. “ती म्हैस हाय का काय?”

किनाऱ्यापासून फार तर दोनशे मीटरवर एक राखाडी, गुळगुळीत पाठ पाण्याबाहेर आली आणि निवांतपणे बुडाली. पाठीवर पर नाही, उडी नाही, फवारा नाही. थोड्या वेळाने तिच्याशेजारी दुसरी, लहान पाठ. तो सुनामेरी होता, म्हणजे पाठीवर पर नसलेला शिंशुक. दात असलेल्या देवमाशांच्या विशाल कुळातील सर्वांत लहान प्राण्यांपैकी तो एक. गावच्या डोहात दुपारी म्हशी डुंबतात तेव्हा त्यांची पाठ अशीच दिसते. सिंधुदुर्गाकडचे मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा रेडा’ म्हणतात हे मी बाबांना सांगितले, तेव्हा त्यांना आपल्या उपमेचा अभिमान वाटला. मराठीत या थोरल्या प्राण्याचे नाव देवमासा. तो ना देव, ना मासा. पिल्लाला दूध पाजणारा, हवेत श्वास घेणारा, आपल्यासारखाच सस्तन जीव. नावाने चढवलेले देवपण त्याच्या काही कामाचे नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही.

दुपारी आम्ही ब्योबुगाउराच्या बाजूला गेलो. चाळीस-पन्नास मीटर उंचीचे कडे तिथे सुमारे दहा किलोमीटर सरळ रेषेत उभे आहेत. त्यांच्या टोकाशी, नौकातळाजवळच्या वाळूपासून पुढे, पंधरा-वीस सर्फर पाण्यात होते. काळे रबरी पोशाख, आपापल्या फळीवर बसलेले, सगळ्यांची तोंडे क्षितिजाकडे. सर्फिंग म्हणजे सतत लाटांवर स्वार होणे असे चित्रपटांमुळे वाटते. प्रत्यक्षात माणूस बहुतेक वेळ वाट पाहतो. आमच्या सकाळपेक्षा त्यांची दुपार फारशी वेगळी नव्हती. एक नियम मात्र तेथे कटाक्षाने पाळला जातो: लाट जिथे फुटायला लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी थांबायचे. बाबांना हा नियम आवडला. “नंबर लावल्यावानी हाय,” ते म्हणाले.

लाट म्हणजे पुढे येणारे पाणी नव्हे, हे मी मुलीला समजावत होतो. शेकडो किलोमीटर दूर वाऱ्याने समुद्राला दिलेली ऊर्जा पाण्यातून प्रवास करते. पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळात फिरून जवळपास तिथेच राहतो. किनाऱ्याजवळ उथळ लागले की लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याशिवायचा पुनर्जन्म समजावून दिला आहे. त्याचा विचार करताना हल्ली मला लाट आठवते. एका ठिकाणचे काहीच उचलून दुसरीकडे नेले जात नाही, तरी काहीतरी पोचते.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “ह्यांना पोहाया कोण शिकवतं?”

मी म्हणालो, शाळा. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी मला धाकट्या काकांविषयी सविस्तर सांगितले.

काका लहानपणी वारले एवढेच मला ठाऊक होते. 1972 च्या दुष्काळात आजा-आजी दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदायला जात. तेरा वर्षांचे बाबा मातीच्या पाट्या वाहत. मजुरीवर मिलो ज्वारी घ्यायची आणि मुलांना सुकडी मिळायची. त्या तलावाचा बांध आमच्या बौद्धवाड्यातल्या हातांनी उभा राहिला. पुढे पाऊस झाला, तलाव भरला. 1975 च्या भाद्रपदात नऊ वर्षांचे काका शेळ्यांना पाणी पाजायला गेले आणि घसरून आत पडले. काठावर वाड्यातली सात-आठ माणसे धावत आली. एकालाही पोहता येत नव्हते. पलीकडच्या शेतातून पोहणारा माणूस येईपर्यंत सगळे संपले होते.

मराठवाड्यातील मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, थोरल्या भावाने वरून ढकलायचे, चार दिवसांत हातपाय चालू लागतात. उन्हाळ्यात गावची सगळी पोरे विहिरीवर असत. सूर मारण्याच्या पैजा लागत. आमची पोरे त्या विहिरीच्या पायरीवरही जात नसत. पाणी बाटेल म्हणून वाढून मिळणाऱ्या समाजात कोण, कुठे, कसा पोहायला शिकणार? अस्पृश्यतेने आपल्याला काय काय नाकारले याच्या याद्या आपण करतो: शाळा, देऊळ, पाणवठा, वाट. पण पाणवठा नाकारला म्हणजे केवळ तहान राहिली असे नव्हे. पाण्याशी असलेले नातेच तुटले. ज्याने बांध घातला त्याला त्या पाण्यात तरंगता आले नाही. मी संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, दोन देशांत नोकरी केली, आणि तोवर मलाही पोहता येत नव्हते. मी याला वैयक्तिक आळस समजत होतो.

महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीला आपण हक्काची ओंजळ म्हणतो, ते खरेच आहे. भूशिरावरून परतताना मला वाटत होते की त्या सत्याग्रहाचा पुढचा भाग अजून आपल्याकडे बाकी आहे. ओंजळभर पाणी घेण्याचा अधिकार मिळाला. पाण्यात निर्धास्तपणे उतरण्याचा सराव पिढ्यान् पिढ्या झालेला नाही, तो काही कोणत्याही कायद्याने आपोआप होत नाही.

जपानी शाळांत पोहणे का शिकवतात यालाही एक दुःखद कारण आहे. 11 मे 1955 रोजी ताकामात्सुजवळ दाट धुक्यात शिउन-मारू ही प्रवासी नौका दुसऱ्या नौकेवर आदळून बुडाली. 168 माणसे मरण पावली. त्यांतील 100 जण सहलीला निघालेले विद्यार्थी होते. त्या धक्क्यानंतर शाळाशाळांत जलतरण तलाव बांधण्याच्या मोहिमेने जोर धरला. माझ्या मुलीला शाळेत केवळ हातपाय मारायला शिकवत नाहीत. अंगावर कपडे असताना पाण्यात पडलो तर घाबरून ओरडायचे नाही, पाठीवर तरंगायचे आणि मदतीची वाट पाहायची, हेही शिकवतात. ‘तरंग आणि थांब’, अशा अर्थाचे दोन जपानी शब्द तिला पाठ आहेत. तिने ते आजोबांना वाळूवर झोपून करून दाखवले. बाबांनी पाहिले आणि तोंड समुद्राकडे फिरवले.

पण या देशाकडे पाहताना भाबडेपणा नको, हे मला देवमाशांनीच शिकवले. त्सुकुबात राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयाचा संशोधन विभाग आहे. किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशांचे सांगाडे तेथे जतन केले जातात. एप्रिल 2015 मध्ये आमच्याच इबाराकी प्रांतातील होकोता येथे दहा किलोमीटरच्या किनाऱ्यावर काझुहा-गोंदो जातीचे सुमारे दीडशे लहान देवमासे वाळूत येऊन पडले. लोकांनी बादल्यांनी पाणी ओतले, ओल्या चादरी पांघरल्या, ताडपत्रीत घालून समुद्रात ढकलले. बहुतेक तरीही मेले. चार वर्षांपूर्वी, 4 मार्च 2011 रोजी, जवळच्या काशिमाला असेच सुमारे पन्नास देवमासे आले होते आणि आठवड्याने 11 मार्चचा महाभूकंप झाला होता. त्यामुळे 2015 मध्ये अफवांना ऊत आला. अत्यंत सुशिक्षित शहरांतही पाण्याच्या बाटल्यांचा साठा झाला. त्या अफवेतला भूकंप आला नाही. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, हा तर्क भारतात जितका जुना तितकाच इथेही. कालामांना तथागतांनी दिलेला सल्ला दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. पश्चिम जपानच्या यामागुची प्रांतात, नागातो शहरातील कायोई या जुन्या देवमासे पकडणाऱ्या गावी कोगान-जी नावाचे बौद्ध विहार आहे. मारलेल्या माद्यांच्या पोटात सापडलेली पिल्ले तेथे पुरलेली आहेत, सत्तरहून अधिक. त्यांच्यासाठी 1692 मध्ये शिळा उभारली गेली. विहाराने देवमाशांची मृत्युनोंदवही ठेवली आणि माणसांप्रमाणे त्यांना मरणोत्तर धम्मनामे दिली. हे प्रथम वाचले तेव्हा माझे मन भरून आले: मारणाऱ्यांनाही करुणेची आठवण राहिली. नंतर दुसरे वाचनात आले. याच देशात बुराकू समाजाच्या माणसांना, ज्यांचे पूर्वज चामड्याचे आणि मेलेल्या जनावरांचे काम करत, अनेक विहारांनी मरणोत्तर नावांत ‘पशू’, ‘चामडे’, ‘नीच’ अशा अर्थांची अक्षरे घातली आणि ती दगडावर कोरली. 1871 मध्ये कायद्याने त्यांची जुनी पायरी रद्द झाली, तरी भेद उरला. 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये त्यांनी सुईहेइशा ही स्वतःची संघटना स्थापन केली. महाडच्या पाच वर्षे आधी. विहारांतील त्या नावांची रीतसर चौकशी आणि क्षमायाचना मात्र 1979 नंतर, त्यांनी आवाज उठवल्यावरच सुरू झाली. देवमाशाच्या पिल्लाला सन्मानाचे नाव आणि माणसाला पशूचे. धम्माचा वेश घेतलेली संस्थाही माणसाला असे वागवू शकते, हे बौद्ध म्हणून आपण विसरता कामा नये. बाबासाहेबांनी धम्म स्वीकारताना बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने भेद नव्या धम्मात चोरपावलांनी शिरतात, आणि वाटेत त्या प्रतिज्ञांचा पहारा लागतो, असे मला हे वाचल्यापासून वाटते.

त्या रात्री घरी आल्यावर मी अंगुत्तरनिकायातील पहाराद सुत्त काढले. वेरंजा येथे असुरांचा प्रमुख पहाराद तथागतांना भेटायला येतो. तथागत त्याला विचारतात की असुरांना महासमुद्र का आवडतो. समुद्रात राहणाऱ्यालाच समुद्राविषयी विचारले, ही रीत मला फार मोलाची वाटते. पहाराद आठ आश्चर्ये सांगतो. समुद्र क्रमाक्रमाने खोल होत जातो, एकदम कडा लागत नाही. तो आपली मर्यादा ओलांडत नाही. तो प्रेत पोटात ठेवत नाही, किनाऱ्याला लावतो. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या महानद्या त्याला मिळाल्या की आपली पूर्वीची नावे सोडतात. कितीही पाणी आले तरी तो वाढत नाही की घटत नाही. त्याला एकच चव असते, खारट. त्यात रत्ने असतात. आणि त्यात प्रचंड जीव राहतात: तिमि, तिमिंगल आणि त्याहूनही मोठे. तथागत मग धम्माची आठ आश्चर्ये सांगतात. नद्यांच्या जागी तेथे चार वर्णांतून आलेली माणसे आहेत, जी संघात येताना आपले जुने नाव-गोत्र मागे ठेवतात. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हाच समुद्राचा दाखला दिला होता.

मी हे सुत्त अनेकदा वाचले होते, नेहमी नद्यांपाशी थांबून. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आले की जात सोडण्याचे आश्चर्य आणि देवमाशांचे आश्चर्य एकाच यादीत आहे. तिमिंगल राहायचा तर समुद्र लागतो. नावे जपणाऱ्या सुट्या सुट्या डबक्यांत तो मावत नाही. परदेशात आलेले आपण हे किती पाळतो? इथल्या भारतीयांच्या एका घरगुती मेळाव्यात मला आधी आडनाव, मग तालुका, मग “म्हणजे नेमके कुठले?” असे विचारले गेले. मी “बौद्ध” म्हणालो आणि संभाषण तिथेच आटपले. साकुरा नदी चोशीला पोचेपर्यंत तीनदा नाव बदलते आणि शेवटी एकही ठेवत नाही. माणसे सहा हजार किलोमीटर उडून येतात आणि नाव तेवढे सामानात नीट घडी करून आणतात.

सुत्तातील पहिले आश्चर्य मात्र मला सर्वांत व्यवहार्य वाटले. समुद्र क्रमाक्रमाने खोल होतो.

जूनच्या अखेरीस, आई-बाबांच्या परतीच्या आधी, आम्ही ओआराईच्या किनाऱ्यावर गेलो. उथळ वाळूचा किनारा, लांबवर सर्फिंग शिकणारी मुले. 2023 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या चिबा प्रांतात इचिनोमिया येथे तीसहून अधिक लहान देवमासे वाळूत अडकले होते. ऑलिंपिकमधील पहिले सर्फिंग 2021 मध्ये तिथेच झाले. त्या सकाळी लाटांसाठी आलेले सर्फरच फळ्या टाकून आधी मदतीला धावले, हे मी बाबांना सांगितले. आपल्या गणपतीपुळ्यालाही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देवमाशाचे पिल्लू आले होते आणि गावकऱ्यांनी, वन विभागाने ते दोरखंड लावून समुद्रात परत नेले होते. ते जगले नाही. “पर माणसं उतरली ना पाण्यात,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. नातीने त्यांचा हात धरला. मीही दुसरा हात धरला, खरे तर माझ्या आधारासाठी. गुडघाभर पाण्यापर्यंत आम्ही गेलो. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, बाबांची पकड घट्ट झाली. ते काही बोलले नाहीत. नातीने कमरेपर्यंत पाण्यात जाऊन पाठीवर तरंगून दाखवले, तेव्हा ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि ती उठून उभी राहीपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही. काठावर आल्यावर मला म्हणाले, “तिला येतंय. आता तू शीक. तुझं वय काई झालं नाई.”

आता दर गुरुवारी संध्याकाळी मी शहराच्या जलतरण तलावात नवशिक्यांच्या वर्गाला जातो. वर्गात मी सर्वांत तरुण. बाकीच्या बहुतेक साठी उलटलेल्या आजीबाई. पहिले दोन आठवडे तोंड पाण्यात घालणे जमत नव्हते. शिक्षिका एकच सूचना पुन्हा पुन्हा देतात: पाण्याला ढकलू नका, त्यावर टेका. माझे शरीर ते अजून पूर्णपणे मानत नाही. त्याच्या आठवणीत दुसरेच काही आहे.

बाबा दर रविवारी फोन करतात. आधी नातीची चौकशी, मग आईकडे फोन देण्याआधी एकच प्रश्न: “किती झालं?”

गेल्या रविवारी मी सांगितले, अकरा मीटर.

“तलावाची रुंदी चाळीस मीटर होती,” ते म्हणाले. “चालू ठेव.”